कारण उभं राहून सांगायचं

धोंडुबाईंच्या ताटाचे नियम दोनच. वैशाखी पौर्णिमेला घरातल्या ज्याला शिकायचं असेल त्यानं उठून मागायचं, आणि कमावणाऱ्या प्रत्येकानं आपल्या एका महिन्याची कमाई ताटात टाकायची. शिक्षण संपेपर्यंत दरवर्षी. हा पहिला. ज्याला टाकायची नसेल त्यानं उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर कारण सांगायचं. हा दुसरा.

दुसरा नियम आजवर कुणी वापरला नव्हता. याचा अर्थ घराण्यात कुणी कुणाला नाही म्हटलं नव्हतं असा नाही. नाही म्हणायचं काम स्वयंपाकघरात होई, सकाळी, खीर ढवळता ढवळता. ज्याला द्यायचं नाही त्याला इतकं समजावून सांगायचं, की दुपारी तो उठतच नसे. मग सगळे आपापली पाकिटं घेऊन समाधानानं घरी जात.

ताट पितळेचं होतं आणि ते आधी देवीचं होतं. छपन्न साली देव नदीत गेले, ताट राहिलं. देवाचा दोष ताटाला कशाला, असं धोंडुबाईंचं म्हणणं. पुढच्या वर्षी अण्णासोला शाळेत घालायला त्या घेऊन गेल्या, तर हेडमास्तरांनी खुर्चीतून न उठता नाही म्हटलं, आणि का नाही ते सांगितलं नाही. घरी येऊन धोंडुबाईंनी ताट घासलं आणि हे दोन नियम केले. लिहिता येत नसल्यामुळे त्यांनी ते कुठं लिहून ठेवले नाहीत. त्यामुळे त्यात पळवाट काढणं कुणाला जमलं नाही.

आता धोंडुबाई फोटोत होत्या, बाबासाहेबांच्या फोटोच्या डाव्या बाजूला, जरा खाली. आणि २००४ सालच्या वैशाखात अण्णासोंच्या कोल्हापुरातल्या घरात सकाळी नऊपासून एकच काम चाललं होतं. दीप्ती उठता कामा नये.

दीप्ती म्हणजे अण्णासोंची धाकटी. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. मानसिक आरोग्य सेवेच्या दोन वर्षांच्या पदवीला पुण्यात तिला जागा मिळाली होती. कॉलेज खासगी, फी भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. स्कॉलरशिप मिळाली असती, पण अण्णासो जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेताना त्यांचं उत्पन्न मर्यादेच्या थोडंसंच वर गेलं होतं. प्रामाणिकपणे नोकरी केल्याचा त्यांना आयुष्यात झालेला हा दुसरा तोटा. पहिला कुठला, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पहिली फेरी थोरल्या भावाकडं होती. बुद्धभूषण गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत इंजिनिअर. त्यानं तिला गच्चीवर नेलं आणि घडी घातलेला कागद काढला. फौंड्रीच्या प्रिंटरवर दोन रंगांत छापला होता. खर्च लाल, मिळकत हिरवी. लाल पुष्कळ होतं.

‘‘हे बघ, मी विरोधात नाही,’’ तो म्हणाला. कोल्हापुरात हे वाक्य ऐकलं, की माणसानं पाय रोवून उभं राहावं. ‘‘फी, हॉस्टेल, मेस, जाणं-येणं. दोन वर्षांचे एक लाख चाळीस. बाहेर पडल्यावर पगार किती? मी चौकशी केली. सहा हजार. डी.एड. केलंस तर निम्म्या खर्चात आयुष्यभराची सरकारी नोकरी. ह्यात पैसे वसूल व्हायला अकरा वर्षं लागतात.’’

‘‘अकरा कशी?’’

‘‘मध्ये लग्न धरलंय.’’

दीप्तीनं कागद हातात घेतला. लग्न खरंच धरलेलं होतं, लाल रंगात. तिला संताप आला, पण दादा वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

‘‘तू उठलास तेव्हा असला कागद कुणी काढलावता?’’

‘‘तेव्हा घरात कंप्युटर नव्हता.’’

‘‘तुझ्या इंजिनिअरिंगला आत्तीनं उसाचं बिल टाकलं. आईनं गळ्यातलं डोरलं मोडलं. तू वसूल झालास का?’’

बुद्धभूषणनं टाकीकडं पाहिलं. टाकी भरून वाहत नव्हती, तरी त्यानं जाऊन तिचा कॉक घट्ट केला. मग म्हणाला, की आपला मुद्दा तत्त्वाचा नाही, व्यवहाराचा आहे. वेडी माणसं फी देत नाहीत.

‘‘शहाणी तरी कुठं देतात? तुझ्या फ्लॅटचा हप्ता अण्णांनी दोनदा भरलाय.’’

ती खाली निघून गेली. हा हप्त्याचा विषय बायकोला माहीत नाही, ही एकच गोष्ट बुद्धभूषणच्या मनात उरली. त्यानं कागदाची घडी केली. आपण बहिणीच्या भल्याचंच सांगतोय असं त्याला खरोखर वाटत होतं, आणि आपण उठलो तेव्हा आत्तीनं ताटात पाकीट टाकल्याचा आवाज आठवून त्याला दीप्तीचाच राग येत होता.

खाली, आक्काताई खीर ढवळत होत्या. अण्णासोंच्या थोरल्या बहीण, पोरांच्या आत्ती, पेठ वडगावला दिलेल्या, नवरा गेल्यापासून त्याची पेन्शन आणि एकरभर उसावर घर चालवणाऱ्या. वडगावच्या विहारात महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्यासोबत दोघं आले होते. मुलगा प्रसेनजीत, तो नेहमीप्रमाणे बाहेरच्या दाराच्या उंबऱ्यावर बसला होता. बंद खोलीत त्याला बसवत नाही. आणि दीर पिराजी, हे सोप्यातल्या खुर्चीवर बसले होते. त्यांना कुठंही बसवतं.

प्रसेनजीतला काय झालं होतं, यासाठी घराण्यात बरेच शब्द होते. अभ्यासाचा ताण. गॅस. उष्णता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवरून परत आला, तेव्हा तो भिंतीशी बोलत होता आणि भिंत त्याला उलट बोलत होती. दीप्ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना त्याला आत्तीच्या शिव्या खाऊन दवाखान्यात घेऊन गेली. तेव्हापासून गोळ्या चालू होत्या, भिंत गप्प होती, आणि तो सकाळी उठून दाढी करत होता. गोळ्यांना घरात शक्तीच्या गोळ्या म्हणत.

‘‘येड्यांची डाक्टरीण व्हायचंय म्हणं,’’ आक्काताई म्हणाल्या. ‘‘जगात दुसरं काय शिकायचं राहिलं न्हाय?’’

हे त्या मनालीला सांगत होत्या. मनाली म्हणजे बुद्धभूषणची बायको, एका सहकारी बँकेत कारकून. मनाली आज आत्तींच्या बाजूनं होती. दीप्ती उठली तर दोन पगार जाणार होते, नवऱ्याचा आणि तिचा, आणि फ्लॅटचा हप्ता काही पौर्णिमा बघून थांबत नाही. तिनं पुऱ्यांचं पीठ मळता मळता मान डोलावली. दीप्तीची आई शालूबाई विलायची कुटत होत्या. त्या कुणाच्या बाजूनं आहेत हे त्यांना लग्नापासून कुणी विचारलं नव्हतं.

खरं तर एवढ्यावर काम झालं असतं. पण आक्काताईंना जिंकण्याची घाई झाली, आणि त्यांनी मनालीला विश्वासात घेतलं.

पिराजींनी एक स्थळ आणलं होतं. कागलची पोरगी, बारावी झालेली, बापाचं शिलाईचं दुकान. पुढच्या आठवड्यात माणसं घर बघायला येणार. एकदा लगीन झालं, की पोरगं मार्गाला लागतंय. घरात हे असलं शिक्षण निघालं, तर लोक विचारणार, ह्यांच्यात कोण हाय तसलं, म्हणून ही तिकडं गेली? आणि मग बोट कुणाकडं जाणार?

मनालीचे हात पिठात थांबले.

‘‘त्या पोरीला सांगितलंय, आत्ती?’’

‘‘काय सांगायचं? शक्तीच्या गोळ्या खातोय म्हणून सांगितलंय.’’

मनालीलाही लग्नाआधी सांगितलं होतं, की मुलाच्या डोक्यावर एक रुपयाचं कर्ज नाही. ते खोटं निघाल्याचं तिनं पाच वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि तिथं ते काही नीट पचलं नव्हतं. तिनं परातीतला गोळा उचलला आणि असा आपटला, की शालूबाईंचा खलबत्ता थांबला.

‘‘आत्ती, तीन वर्षांमागं तुम्ही आमच्या बँकेतली ठेव मोडली. घराचे पत्रे बदलायचेत म्हणाला. पत्रे अजून तेच आहेत.’’

आक्काताई ढवळत राहिल्या. त्या पैशाचं काय झालं ते चुलीपाशी तिघींनाही माहीत होतं. हातकणंगल्याच्या पलीकडं एक बाबा होता. तीन अमावस्या, गाडीभाडं, दोन कोंबडी, आणि तिसऱ्या खेपेला पोराच्या पाठीवर उठलेले वळ. महिला मंडळाच्या अध्यक्ष सकाळी विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणून घेत आणि अमावस्येला तोंडावर पदर ओढून जीपमध्ये बसत.

‘‘ह्यांनी तो कागद छापलाय,’’ मनाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. बँकेत ती ज्या आवाजात शिल्लक सांगते तोच होता. ‘‘त्यात ही कोंबडी घातली नाहीत. घाला म्हणावं. लाल रंगात.’’

‘‘मने, तोंड सांभाळ.’’

‘‘सांभाळलंच की. तीन वर्षं.’’

शालूबाईंनी विलायची खिरीत टाकली आणि कुणी विचारलं नसताना एक वाक्य बोलल्या. ‘‘मी बी वन्सं, पत्र्याचं कुणाला बोलले न्हाय.’’ इतकंच. पण त्यांची बाजू कळली, आणि आक्काताई आपल्याच माहेरच्या चुलीपुढं एकट्या पडल्या.

त्यांना रडू आलं नाही, संताप आला. ह्या पोरींना काय माहीत. भिंतीशी बोलणारं पोर सहा वर्षं सांभाळलंय का कुणी? मी मेल्यावर त्याला कोण घास घालणार? दीप्ती पुण्याला जाईल, मनाली फ्लॅटमध्ये जाईल. बायको तरी राहील. बायकोला जाता येत नाही. हे मनात आल्यावर त्यांनी डाव खिरीत सोडून दिला, कारण आपण काय म्हटलं ते त्यांना नीट ऐकू आलं होतं. मग त्यांना आणखी राग आला.

दीप्ती तेव्हा उंबऱ्यावर, प्रसेनजीतशेजारी बसली होती. पलीकडं पिराजी कुणाला तरी शाहू मिलच्या जमिनीविषयी सांगत होते. ऐकायला कुणी नव्हतं. ती म्हणाली की मी नाही उठत. डी.एड. करते. घरात एवढं महाभारत कशाला.

प्रसेनजीत शेंगा फोडत होता. बोलायला तो वेळ घेई.

‘‘माझ्यामुळं बसून राहू नको,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्यासाठी म्हणूनबी उठू नको. तुला पायजे असलं तर उठ.’’

‘‘आत्ती उभी राहील.’’

‘‘राहू दे की. तिचं गुडघं दुखत्यात, जास्त वेळ न्हाय राहणार.’’

तिला हसू आलं, आणि हसल्याचा राग आला. सकाळपासून प्रत्येक जण तिला ती किती मिळवील ते सांगत होता. ह्या माणसाला दवाखान्यात रांगेत धरून बसताना, त्याला नाव घेऊन हाक मारणाऱ्या त्या एका समुपदेशक बाईंकडं बघून आपल्याला हे शिकायचंय असं वाटलं होतं, ते कुठल्या रंगात छापायचं हे कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी वंदना झाली. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते. अण्णासोंनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. पिराजींनी सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हटलं. असत्य न बोलण्याच्या शीलापाशी त्यांचा आवाज विशेष लागला. मग अण्णासोंनी ताट फोटोंपुढं ठेवलं आणि आईच्या फोटोकडं बघून दरवर्षीचा प्रश्न विचारला, ‘‘कुणाला शिकायचंय?’’

त्यांना उत्तर माहीत होतं. सकाळीच बायकोनं, मुलानं आणि बहिणीनं तीन वेगवेगळ्या खोल्यांत सांगितलं होतं, की पोरगी उठणार नाही. अण्णासोंनी हुश्श केलं होतं. दीप्तीला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती, आणि आक्काला दुखवायचीही नव्हती. शाळेच्या दारातून परत आलेल्या पोराला पाठुंगळीला घेऊन दुसऱ्या गावच्या शाळेत नेऊन सोडणारी आक्का होती. तिला स्वतःला कुणी शाळेत घातलंच नव्हतं. तीस वर्षं फायलींवर त्यांनी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला होता. आज तोच शेरा त्यांनी मनातल्या मनात मारला आणि ताट उचलायला वाकले.

‘‘मला,’’ दीप्ती म्हणाली.

ती उभी होती. 

अण्णासो वाकलेलेच राहिले. बुद्धभूषणनं बायकोकडं पाहिलं. बायको समोर बघत होती. काय शिकायचंय ते सांगायचं असतं, ते दीप्तीनं सांगितलं. मानसिक आजाराच्या माणसांचं. पुण्यात. दोन वर्षं. फी भरायची मुदत शुक्रवारपर्यंत.

टाकायची सुरुवात थोरल्यापासून. थोरल्या आक्काताई होत्या. त्यांच्या कमरेला पाकीट होतं आणि ते महिन्याच्या पेन्शनपेक्षा पुष्कळ जाड होतं. कागलच्या माणसांसमोर लग्नाच्या खर्चाला ठेवायचं म्हणून कालच उचललेलं उसाचं अख्खं बिल त्यात होतं. सगळ्यांनी पाकिटाकडं पाहिलं. आक्काताईंनी जमिनीवर हात टेकला, गुडघा धरला आणि त्या उठल्या.

धोंडुबाईंच्या ताटापुढं सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी नाही म्हणायला उभं राहिलं होतं.

‘‘माझं न्हाय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘कारण, आक्का,’’ अण्णासो म्हणाले. हे त्यांनी म्हटलं नसतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण ते हेडक्लार्क होते. नियमात जे होतं ते त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

आक्काताईंच्याकडं कारणं होती. पोरीची जात हाय. पुणं लांब. वसूल न्हाय हुणार. सकाळपासून त्या तीच देत होत्या. पण सकाळी त्या ढवळत होत्या. आता त्या उभ्या होत्या आणि समोर आई होती. मग इतक्या रागानं बोलल्या, की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला.

‘‘माझं पोरगं डोक्यानं आजारी हाय म्हणून. सहा वरसं झाली. भिताडासंगं बोलत हुतं. मी त्याला बाबाकडं नेला, त्यानं फोक्यानं मारला, मी बघत बसले. शक्तीच्या न्हाईत त्या गोळ्या, डोक्याच्या हाईत. ही त्यातलं शिकली तर गावाला कळंल. म्हणून माझं न्हाय. झालं कारण.’’

पिराजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागले, जणू तो आत्ताच कुणीतरी आणून ठेवला होता.

उंबऱ्यावरून प्रसेनजीत म्हणाला, ‘‘गावाला ठावं हाय, आई.’’ त्यानं हातातली शेंग फोडली. ‘‘पिराजीकाकांनाबी. त्या कागलच्या पोरीला तेवढं न्हाय.’’

आक्काताई उभ्याच होत्या. सहा वर्षं त्यांनी ज्या एका गोष्टीवर झाकण दाबून धरलं होतं, त्या भांड्यात काही नव्हतंच. गावानं केव्हाच खाऊन हात धुतले होते. आता कारण सांगून झालं होतं, आणि सांगितल्याबरोबर ते संपलं होतं. धोंडुबाईंना हे माहीत असावं. नाहीतर उभं राहून सांगायला लावलं नसतं.

त्यांनी कमरेचं पाकीट काढलं आणि ताटात टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. पितळ वाजलं.

‘‘माझा राग गेलेला न्हाय,’’ त्यांनी दीप्तीला सांगितलं. ‘‘हसू नगंस.’’

दीप्ती हसत नव्हती.

अण्णासोंनी पेन्शन टाकली. मनालीनं पर्स उघडली, पगाराचं पाकीट टाकलं आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, की हप्त्याचं आपण घरी गेल्यावर बोलू, अण्णांनी भरलेल्या त्या दोन्ही हप्त्यांचं, पासबुक मलाही वाचता येतं. मग बुद्धभूषण उभा राहिला. खोलीत पुन्हा सगळं थांबलं.

‘‘पाकीट मागच्या खिशात आहे,’’ तो म्हणाला. पाकिटाबरोबर तो घडी घातलेला कागदही बाहेर आला. त्यानं तो परत खिशात घातला. घराण्यात कागद सहसा फाडत नाहीत. छापायला खर्च येतो.

पिराजी आता खुर्चीतून उठले होते. वडगावची गाडी, उन्हं कलायला लागली, खीर काय पुन्हा कधी, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी टोपी सारखी केली.

आक्काताई अजून खाली बसल्या नव्हत्या. गुडघा धरून त्या वळल्या.

‘‘पावणं,’’ त्या म्हणाल्या. सख्ख्या दिराला त्यांनी हा शब्द आजवर लावला नव्हता. ‘‘उभं राहिलायसाच, तर कारण सांगून जावा. त्या पोरीच्या बापाला का सांगितलं न्हाय?’’

पिराजींनी ताटाकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, मग चपलांकडं. चपला दाराबाहेर होत्या, आणि दारात प्रसेनजीत बसला होता. तो उठला नाही. त्यानं फक्त मूठभर शेंगा त्यांच्यापुढं धरल्या आणि वाट पाहत राहिला.